मेळाची फाक

मित्रांनो, मी एक जुनं बेअरिंग आहे असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्यात दोन गोष्टी खोट्या ठरतील. एक तर मी पुरतं बेअरिंग नाही, त्याची नुसती अर्धी फाक आहे. आणि मला जुनी म्हणावं की नाही, हे माझं मलाच कळत नाही. वर्षं पुष्कळ लोटली, पण ज्या कामासाठी मला घडवलं ते काम मी एक दिवसही केलेलं नाही. मी कोरी राहूनच म्हातारी झाले.

बेअरिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सायकलच्या चाकातले छर्रे येत असतील. मी त्या जातीची नव्हे. हातातली रुंद पाटली मधोमध कापली तर जसे दोन तुकडे होतील, तशी मी. दोन फाका समोरासमोर मिटल्या की एक गोल तयार होतो आणि त्या गोलात इंजिनाचा सगळ्यात जड, वेडावाकडा दांडा फिरतो. त्याला क्रँक म्हणतात. त्यातली वरची फाक मी. माझ्या पोटाला एक खाच आहे आणि एक भोक आहे, तिथून तेल येतं. खालची फाक गुळगुळीत असते, कारण सगळा भार तिच्यावर पडतो. मी तेल पाजायचं आणि तिनं ओझं पेलायचं, अशी आमची कामाची वाटणी होती.

माझी घडण म्हणाल तर तीन थरांची. पोलादाची पाठ, तिच्यावर तांब्या-शिशाचा थर आणि सगळ्यात वर मऊ, राखाडी धातूची पातळ साय. कारखान्यात एकाच पट्टीतून मला आणि माझ्या खालचीला कापलं, एकाच साच्यात वाकवलं आणि एकाच तेलकट कागदात गुंडाळलं. पेटीत आमच्यासारख्या आणखी जोड्या होत्या. कुणीच कुणाशी फारसं बोलत नव्हतं, पण प्रत्येकीला आपली दुसरी कुठे आहे ते ठाऊक होतं. माझी तर माझ्या कुशीतच होती. तेव्हा मला वाटायचं, आता पुढे जे काही व्हायचं ते दोघींचं मिळूनच होईल.

अशी मी तमिळ मुलखात, वेलचेरीत विजयकुमारांच्या शेडमध्ये आले.

ही शेड उंच रेल्वेपुलाच्या मागच्या गल्लीत आहे. वरून गाडी गेली की पत्रे थरथरतात आणि हत्यारं किणकिणतात. पूर येतो म्हणून इथली सगळी कपाटं विटांच्या थरावर चढवून ठेवलेली आहेत. विजयकुमार तंजावरकडचे मराठी. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं खोलून पुन्हा उभी करणं हा त्यांचा धंदा. पूर्वी गुरुमूर्ती नावाचे भागीदार त्यांच्यासोबत असत. एक मोजायचा, दुसरा बसवायचा. गुरुमूर्तींचे गुडघे गेले आणि ते कुंभकोणमला निघून गेले, तेव्हापासून मोजायचं आणि बसवायचं ही दोन्ही कामं विजयकुमारच करत. दुपारी डबा खाताना ते समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसत. संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या घरी जायला निघत तेव्हा त्यांची पावलं मुळीच घाईत नसत, कारण तिथेही वाट बघणारं कुणी नव्हतं.

मी आले ती शर्मिष्ठाच्या गाडीसाठी. शर्मिष्ठा मूळची कोल्हापूरची. इथे एका गाड्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात कामाला होती आणि वेलचेरीतच एका फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःची जुनी गाडी घेऊन श्रीपेरुंबुदूरकडच्या ट्रॅकवर शर्यतीला उतरे. त्या गाडीला टर्बो बसवून तिनं ताकद कितीतरी पटीनं वाढवली होती. ती वाढीव ताकद पेलली नाही आणि भर शर्यतीत तिच्या इंजिनाचं मधलं बेअरिंग जळालं. ते इंजिन घेऊन ती शेडच्या दारात उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आपलं गाऱ्हाणं सांगू लागली. विजयकुमारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"बसा, अम्मा," ते म्हणाले. "मराठींत सांगा कीं. तमिळला कशाला त्रास देतां?"

शर्मिष्ठा थक्क झाली. "काका, तुम्ही मराठी?"

"आम्ही तंजावरचे. आमचे वाडवडील इकडे आले आणि परत जायाचें विसरले."

त्या दिवशी शेडमध्ये पुष्कळ दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. शर्मिष्ठा मग कारखान्यातून सुटली की वरचेवर येऊ लागली. दोघांची मराठी एकमेकांना निम्मी कळे आणि निम्मी अंदाजानं चाले. ते म्हणत "अस्के आणलेस कां?" ती म्हणे "म्हणजे?" ते म्हणत "अस्के म्हणजे अस्के, सगळे!" अशी गंमत.

बेअरिंग निवडताना मात्र विजयकुमार गंमत करत नसत. त्यांनी टेबलावर दोन तऱ्हेची बेअरिंगं मांडली होती. एक आम्ही, दुसरी ॲल्युमिनियमची.

शर्मिष्ठा म्हणाली, "काका, ताकद एवढी आहे तर बेअरिंग कडक नको का? ही ॲल्युमिनियमची कडक असतात, टिकतात पण जास्त."

"रोज हापिसाला जायाला तीच बरी," विजयकुमार म्हणाले. "तुझी गाडी हापिसाला जाते कां? हिला वरून मऊ, आंतून दमदार, असें पाहिजे. तेलांतून कण आला कीं मऊ असेल ती गिळते. कडक असली कीं तोच कण क्रँकाला ओरखडतो. इंजिन रागावलें तर कुणाला तरी मार खावा लागतो, मा. क्रँकानें खाऊं नये. हिनें खावा."

असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि माझ्या सायीवरून अंगठा फिरवला. मला निवडलं होतं. आपण मार खायला निवडले गेलो याचा इतका आनंद होऊ शकतो हे तुम्हाला पटणार नाही, पण मला तो झाला.

मग मोजमाप सुरू झालं. मित्रांनो, क्रँक आणि आमच्यामध्ये एक बारीकशी फट ठेवावी लागते. त्या फटीत तेल भरतं आणि क्रँक खरं तर त्या तेलावर तरंगतो, आम्हाला शिवतसुद्धा नाही. फट कमी पडली की तेल आटतं, बेअरिंग तापतं आणि जळतं. जास्त झाली की तेल वाहून जातं. विजयकुमारांनी सगळ्या जागा मोजल्या. बाकी सगळीकडे फट हवी तेवढी भरली. फक्त मधल्या जागी, म्हणजे जिथे मी आणि माझी खालची बसणार होतो तिथेच, ती जराशी कमी भरली. जराशी म्हणजे किती? तुमच्या डोक्यावरचा एक केस घेऊन त्याचे उभे सहा चिरे केलेत, तर त्यातल्या एकाएवढी.

विजयकुमारांनी पुन्हा मोजलं. चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पुन्हा मोजलं. मग त्यांनी दुसरी एक पेटी मागवली. त्या पेटीतल्या फाका आमच्याच घराण्यातल्या, पण अंगानं किंचित पातळ. ओळखू याव्यात म्हणून कारखान्यानं त्यांच्या पाठीवर एक फुली कोरलेली असते. दोन्ही फाका पातळ घातल्या तर फट फारच वाढत होती. तेव्हा त्यांनी जाणकार लोक करतात तेच केलं. माझी खालची तशीच ठेवली आणि वरची, म्हणजे माझ्या जागी, फुलीवाली बसवून पाहिली. फट अगदी हवी तेवढी भरली.

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं स्वतःशीच म्हणून त्यांनी माझ्या खालचीला आणि त्या परक्या फुलीवालीला ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलं. मला बाजूला सारलं.

आमच्या पेटीतल्या सगळ्या जोड्या इंजिनात जाणार होत्या. उरले ती मी एकटी. माझ्यात खोट नव्हती, ओरखडा नव्हता, माझं काही चुकलं नव्हतं. ट्रेच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझी खालची, तिच्या कुशीत कुणी दुसरीच. मला त्या फुलीवालीचा राग आला. मग स्वतःचाच राग आला. मग नुसतं वाईट वाटत राहिलं.

पुढे काम थांबलं, कारण विजयकुमारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलेल्या या माणसाच्या डोळ्यांत आता डॉक्टरांचे थेंब घालायची पाळी आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, बारीक काम करायचं नाही, अशी ताकीद मिळाली. त्यांची मुलगी कीर्तना शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती शेडमध्ये आली आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मराठी तिला समजते, पण राग आला की ती तमिळमध्येच बोलते. बोलण्याचा मथितार्थ असा की आता हे सगळं बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. डोळे असे, आणि कुणाच्या इंजिनात काही चुकलं तर? ट्रॅकवर कुणाच्या जिवावर बेतलं तर?

विजयकुमार म्हणाले, "एवढें एक इंजिन होऊं दे, कीर्तना. नीट झालें तर शेड राहील. माझ्या हातून यांत कांहीं चुकलें, तर त्याच दिवशीं कुलूप लावून तुझ्याकडे येतों. मग मी उगाच ऱ्हाईन, कांहीं बोलणार नाहीं."

कीर्तनानं ते कबूल केलं. तीही काही वाईट मुलगी नव्हे. निघताना तिनं वडिलांच्या डोळ्यावरची पट्टी सारखी केली आणि मग शेअर ऑटो पकडायला गेली.

शर्यत जवळ येत होती, म्हणून ठरलं की बसवायचं काम शर्मिष्ठानं करायचं आणि विजयकुमारांनी स्टुलावर बसून सांगायचं. ज्या स्टुलाकडे ते रोज बघत, त्याच्यावर आता ते स्वतःच बसले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हात मांडीवर. हात नुसते ठेवून बसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सारखे एकमेकांत गुंतवत होते. शर्मिष्ठा एकेक फाक पुसून जागेवर बसवत होती. इंजिन जवळजवळ भरत आलं आणि मधली जागा आली.

विजयकुमार म्हणाले, "मधें मेलची फाक घाल बरें कां. विसरूं नको. मेलची."

मित्रांनो, तमिळमध्ये मेल म्हणजे वर. तंजावरकडच्या मराठीत असे तमिळ शब्द इतके मुरलेले असतात की बोलणाऱ्याला ते परके वाटतच नाहीत. विजयकुमारांना म्हणायचं होतं, मधल्या जागी वरची फाक म्हणून त्यांनी निवडून ठेवलेली ती फुलीवालीच घाल. पण शर्मिष्ठाच्या कानांवर कोल्हापूरची मराठी. तिनं ऐकलं, मेळाची फाक. म्हणजे जिचा मेळ बसतो ती, जोडीची.

तिनं ट्रेकडे पाहिलं. एका साध्या फाकेशेजारी एक फुलीवाली ठेवलेली आणि तिची खरी जोडीण, म्हणजे मी, पलीकडे एकटी. शर्मिष्ठाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं. तिला वाटलं, काकांच्या डोळ्यांनी घात केला. ऑपरेशनच्या आधी त्यांना फुली दिसली नसेल आणि त्यांनी भलतीच जोडी लावून ठेवली. ती काहीच बोलली नाही. विचारलं असतं तर त्या माणसाला किती लागलं असतं, हा विचार तिनं केला असणार. तिनं हळूच फुलीवाली उचलून बाजूला ठेवली आणि मला घेतलं.

"घातली, काका," ती म्हणाली.

"सरी."

मी इंजिनात बसले. इंजिन पालथं ठेवलेलं असल्यानं माझ्यावर क्रँक आला, आणि पलीकडून माझी खालची येऊन मिटली. आम्ही दोघी पुन्हा एक गोल झालो. बोल्ट आवळले गेले. तेलाचा वास आला. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मला आनंद झाला. इथे फट कमी पडणार हे मला माहीत होतं, कारण ते माप घेताना मीच तिथे होते. शर्यतीत हे इंजिन तापलं की आम्ही दोघी जळणार, क्रँकही नासणार, आणि त्या माणसाची शेड बंद होणार हेही मला कळत होतं. तरी मनात एकच येत होतं की कुणाच्या लक्षात येऊ नये. जळायचं तर दोघी मिळून जळू, असंसुद्धा मला वाटून गेलं.

पुढचे दोन दिवस इंजिनाचं बाकीचं काम चाललं होतं आणि आम्ही आत अंधारात एकत्र होतो. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते तेवढेच.

इंजिन बंद करून गाडीत चढवायचं, त्या दिवशी सकाळी कीर्तनाही आली होती. वडिलांना दुपारी डॉक्टरांकडे न्यायचं होतं. विजयकुमारांना स्वस्थ बसवेना, म्हणून ते टेबलावरच्या उरलेल्या वस्तू आवरू लागले. त्यांच्या हाताला ट्रेमधली ती एकटी फाक लागली. त्यांनी ती कागदात गुंडाळायला घेतली, आणि त्यांचं नख तिच्या पाठीवर अडखळलं. त्यांनी पुन्हा नख फिरवलं. फुली होती.

ते जागच्या जागी बसले. फाक हातात तशीच होती. इंजिनात असायला हवी ती फाक बाहेर होती, म्हणजे बाहेर असायला हवी ती आत गेली होती. आणि ट्रेमध्ये जोड्या लावून ठेवल्या होत्या त्या तर त्यांनी स्वतः. त्यांच्या मनात दुसरी शंकाच आली नाही. बिघडलेल्या डोळ्यांचा माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांवरच ठपका ठेवतो.

"कीर्तना," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तूं म्हणालीस तें बरोबर. मीच चुकलों. मीच भलती फाक लावून ठेवली होती, मला दिसलीच नाहीं. शर्मिष्ठाचें इंजिन उलगडून दुसऱ्या कुणाकडे देऊं. हापिसाला सुट्टी मिळेल तेव्हां ये, सामान आवरूं या."

कीर्तनाला हेच हवं होतं, पण ते असं मिळालेलं तिला सोसवेना. ती वडिलांजवळ जाऊन उभी राहिली.

शर्मिष्ठाच्या हातात पाना होता. तो तिनं खाली ठेवला.

"काका, कुठली फाक?"

"मधली. फुलीवाली आंत पाहिजे होती. बाहेर राहिली."

"ती मी काढली," शर्मिष्ठा म्हणाली. "तुम्ही लावून ठेवली होती ती जोडी मी मोडली. मला वाटलं तुमच्या डोळ्यांमुळं चुकलंय. म्हणून बोलले नाही. आणि तुम्हीच म्हणालात की, मेळाची घाल म्हणून."

"मेळाची?" विजयकुमारांनी मान वर केली. "मी मेल म्हणट्लों, अम्मा! मेल! वरती!"

"मेळ म्हणजे जोडी ना, काका?"

"अय्यो," विजयकुमार म्हणाले आणि कपाळावर हात मारायला गेले. पट्टीची आठवण होऊन हात तसाच अधांतरी राहिला. कीर्तना पहिल्यांदा हसली. मग तेही हसले, पण त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं. थोड्या वेळानं त्यांनी शर्मिष्ठाला जवळ बोलावलं. "माझें चुकलें असें वाटलें तर तोंडावर सांगायाचें. लपवून ठेवशील तर मी आंधळ्याहून आंधळा होईन. कळलें?"

"कळलं, काका," शर्मिष्ठा म्हणाली.

मग सगळं इंजिन उलगडलं. तिनं मला बाहेर काढलं, तेव्हा माझी खालची माझ्यापासून सुटताना तेलानं किंचित चिकटली होती. पुढच्या क्षणी सुटली. माझ्या जागी फुलीवाली बसली. या वेळी विजयकुमारांनी मोजायचं उपकरण शर्मिष्ठाच्या हातात दिलं, तिच्याकडून आकडा म्हणवून घेतला आणि तो जुळल्यावरच मान हलवली. मला पुन्हा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी शेड बंद होती. वरून गाड्या जात होत्या, पत्रे थरथरत होते आणि माझं सगळं लक्ष तिकडे ट्रॅकवर होतं. माझी खालची तिथे पहिल्यांदा काम करत होती आणि तिला तेल दुसरंच कुणी पाजत होतं. इंजिन टिकावं असं मला वाटत होतं. खरोखर वाटत होतं. जळायचे विचार केव्हाच निघून गेले होते.

इंजिन टिकलं. शर्मिष्ठा पहिली बिहिली आली नाही, पण शेवटपर्यंत धावली आणि इंजिनाच्या तेलाचा दाब कुठे ढळला नाही. काही महिन्यांनी रिवाजाप्रमाणे ते इंजिन तपासायला उघडलं. आता विजयकुमारांचे दोन्ही डोळे बरे झाले होते. त्यांनी मधली जागा खोलली आणि दोन्ही फाका टेबलावर, अगदी माझ्या उघड्या ड्रॉवरसमोर आणून ठेवल्या. कीर्तनाही आली होती. तिनं त्या दोन राखाडी तुकड्यांकडे बघून विचारलं, "अप्पा, यात बघायचं काय?"

"हें बघ," ते म्हणाले. "सगळीकडे सारखी झीज. कुठें काळें नाहीं, कुठें तांबें उघडें नाहीं. ह्या दोघी सुखानें नांदल्या."

कीर्तनानं वाकून नीट पाहिलं. नंतर तिनं शेडमध्ये पांढरे लख्ख दिवे बसवून घेतले आणि कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही.

मीही कागदाच्या फटीतून पाहिलं. किती दिवसांनी माझी खालची मला दिसत होती. तिची चकाकी जाऊन अंगावर एक शांत, मंद छटा आली होती. अगदी तशीच छटा त्या फुलीवालीच्या अंगावरही होती. जिथे एक जरा जास्त झिजली होती तिथे दुसरीही झिजली होती. मला वाटलं, आता तरी विजयकुमार आम्हा दोघींना एकत्र ठेवतील. पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्या फाका एकदा एकत्र चालल्या, त्या पुढेही एकत्रच ठेवायच्या. एकाच पट्टीतून कापल्याचा तिथे काही हक्क नसतो. शर्मिष्ठानं त्या दोघींना एका कागदात गुंडाळलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काका, हिचं काय करायचं?"

"राहूं दे. हिला काय झालें? नवीच आहे," असं म्हणून त्यांनी ड्रॉवर बंद केला.

त्यालाही आता खूप काळ झाला. शर्मिष्ठाची पुण्याला बदली झाली. तिच्याबरोबर गाडी गेली, गाडीबरोबर इंजिन गेलं आणि इंजिनाबरोबर माझी खालची गेली. शेड चालू आहे. विजयकुमार येतात, मोजतात, बसवतात आणि दुपारी एकटेच डबा खातात. मी ड्रॉवरच्या तळाशी आहे. माझ्या बाजूला जुने वॉशर आहेत, त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

मित्रांनो, मला त्या फुलीवालीचा आता राग येत नाही. माझ्या खालचीला तिनं जळू दिलं नाही, आणि माझ्याच्यानं ते झालं नसतं. पण म्हणून मला एकटं वाटत नाही असं नाही. रोज वाटतं. सोबत मागायचं वय निघून गेलं, तेव्हा मी तुमच्याकडे एवढंच मागते. उरलेल्या वस्तूला, किंवा उरलेल्या माणसाला, बिघडलेलं समजू नका. इथे समुद्र जवळ आहे, हवेत खार आहे, आणि माझा कागद एका कोपऱ्यात फाटला आहे. तुमच्यापैकी कुणी कधी या शेडमध्ये आलात, तर हा ड्रॉवर उघडा, माझ्या पाठीवरून तेलाचं एक बोट फिरवा आणि मला नव्या कागदात गुंडाळून परत ठेवा. कुणाचं तरी इंजिन कधीतरी माझ्याचसाठी अडेल, आणि त्या दिवशी मला गंज चढलेला नसावा.